‘घेटो’ला ‘छळछावणी’ म्हणावे का?

घेटोतून वाचलेल्या एका ज्यू मुलाच्या आठवणी मराठीत आणताना ‘घेटो’साठी ‘छळछावणी’ चालेल का, की ‘ज्यू वस्ती’ बरी, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते दोन्ही नकोत. ‘घेटो’च ठेवावा.

‘वस्ती’त माणसे आपणहून राहतात. अलिबागची ज्यूंची इस्राएल आळी ही खरी वस्ती, तिला कधी कुंपण नव्हते. घेटो हा शब्द व्हेनिसचा. तिथे १५१६ पासून ज्यूंना रात्री दरवाजे बंद होणाऱ्या भागात कोंडत. नाझींनी शब्द तोच घेतला आणि त्यात उपासमार भरली. पोलंडच्या वॉर्सात नोव्हेंबर १९४० मध्ये घेटोला टाळे लागले, आत चार लाखांहून अधिक माणसे.

पण तो घेटो म्हणजे शहराचाच तोडलेला तुकडा होता. रस्ते, जिने, रेशनकार्ड, एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबे. मूल अजून आईजवळ होते. भिंतीच्या भगदाडातून बाहेर सरपटून बटाटे, पाव आणणारी पोरे घर जगवत. पकडले गेल्यास मृत्यू. आउश्वित्झच्या छळछावणीत उतरवलेल्या लहान मुलांना मात्र बहुतेक वेळा थेट गॅस चेंबरकडे नेले जाई. म्हणून ‘छळछावणी’ लिहिले, की हे मूल इतके दिवस कसे जगले हेच वाचकाला कळेनासे होते. (आजच्या चेक देशातल्या तेरेझिनसारख्या ठिकाणी, जे घेटोही होते आणि छावणीही, ही रेघ पुसट होते, तिथे संदर्भ पाहावा.)

घेटोतले जगणेही उसनेच. सप्टेंबर १९४२ मध्ये पोलंडमधल्याच वुज (Łódź) शहराच्या घेटोतून जर्मनांनी दहा वर्षांखालची मुले, वृद्ध आणि आजारी मागितले. घेटोचा ज्यू प्रमुख रुमकोव्स्की याने भर सभेत आईबापांना ‘तुमची मुले द्या’ असे विनवले. आठवडाभरात पंधरा हजारांहून अधिक जणांना हेल्मनोच्या मृत्युछावणीत नेऊन मारले. मागे राहिली ती मुले बहुधा लपवलेली, नाहीतर कागदावर वय वाढवून कामाला लावलेली.

अशा लपायच्या जागेला विल्ना आणि कोव्हनोच्या (आजच्या लिथुआनियातली शहरे) घेटोत ‘मालिना’ म्हणत. तो शब्द एकदा अर्थासह द्यावा, पुढे ‘लपण’ पुरेल. ‘तळघर’ नको, कारण मालिना कपाटामागेही असे, फरशीखालीही.

आणखी एक, न विचारलेले. मृत्यूकडे नेण्याला जर्मन कागदपत्रांत जो शब्द येतो त्याचा सरळ अर्थ ‘पुनर्वसन’. मराठीत तो अवतरणचिन्हांतच लिहावा. मुलाच्या तोंडी मात्र ‘उचलून नेले’ असेच यावे.