परिसरातलं बारकावे टिपणारं निरीक्षण सिरॅमिक टाइलमध्ये कसं उतरवायचं?

तुम्ही लिहिलं आहे की ठाण्यात राहता, मातीकामाची तोंडओळख झाली आहे, रोज दिसणारी झाडं आणि भिंती टाइलवर आणायच्या आहेत, पण काढलेली चित्रं भेटकार्डासारखी होतात. मी म्हणेन, चित्र काढूच नका, ठसा घ्या. चित्र आपण आठवणीतून काढतो, ठशासाठी मात्र वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून बघावीच लागते.

सागापासून सुरुवात करा. पावसाळा संपत आला की अळ्या सागाच्या पानांचा गर खातात आणि शिरांची जाळी तेवढी उरते. ते पान पालथं केलं की मधली शीर, तिच्या फांद्या आणि त्यांच्यामधली बारीक वीण अशा तीन जाडीच्या रेषा दिसतात. येऊरच्या जंगलातली पानं तिथंच बघा, ते राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथून काही उचलायचं नाही. शहरात रस्त्याकडेला गळलेली घ्या. वाळलेलं पान लाटण्याखाली चुरतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा.

बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) असलेली स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती घ्या. दोन्ही बाजूंना ८ मिमी जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटा आणि दर दोन-तीन वेळा लाटून झालं की उलटवून दिशा बदला. एकाच दिशेनं लाटलेली टाइल भट्टीत वाकते. लाटताना खाली घातलेल्या कापडाची वीण मातीवर उमटते, ती रबरी पट्टीनं पुसून टाका, नाहीतर ती शिरांमध्ये मिसळते. पानाची शिरांची बाजू मातीवर ठेवून लाटणं एकदाच फिरवा. परत मागे आणलं तर ठसा दुहेरी उमटतो. टाइल १५ सेंमीची कापली आणि मातीचं आकुंचन १२ टक्के असेल तर भाजून १३.२ सेंमी उरते, हे आधीच धरा.

झाडाची साल किंवा दगडी भिंत घरी आणता येत नाही. मातीचा गोळा सोबत न्या, त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून दाबा आणि आलेला ठसा वाळवून बिस्क भाजा, म्हणजे लेप न लावता पहिली भाजणी द्या. हा झाला साचा, त्यात ताजी माती दाबायची. तो पाणी शोषतो, त्यामुळे माती त्यातून अलगद सुटते. खाडीकाठचे शिंपले मात्र दाबून लगेच काढा. तुकडा आत राहिला तर भाजताना त्याचा चुना होतो, पुढे तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि टाइलचा टवका उडतो.

सगळ्यात जास्त टाइल्स वाळवताना बिघडतात. कडा आधी सुकतात आणि वर उचलल्या जातात, म्हणून चामड्याइतकी घट्ट झाल्यावर प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून ठेवा आणि कागद रोज बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन आठवडेसुद्धा लागतात. गालाला लावल्यावर गार लागली तर आत पाणी आहे. अशी टाइल भट्टीत वाफेनं फुटते, म्हणून भट्टी आधी काही तास ८०-९० अंशांवर धरा. बिस्क साधारण १००० अंशांवर, आणि ५७३ अंशांच्या आसपास तापमान चढताना किंवा उतरताना घाई नको. तिथं मातीतल्या क्वार्ट्‌झ या खनिजाचं आकारमान बदलतं आणि तडे जातात.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, जाड लावलं की वीण बुजते. त्यापेक्षा १०० मिली पाण्यात चमचाभर लाल लोह ऑक्साईड आणि थोडं फ्रिट (दळलेली काच) कालवून बिस्कवर फासा, ओल्या स्पंजनं पुसा. खोलगट रेषांत रंग राहतो, उंचवटे स्वच्छ होतात. स्पंज वरचेवर पिळून घ्या, नाहीतर सगळीकडे तांबूस डाग पसरतात. मग माती ज्या तापमानाची असेल त्यावर, बहुधा १२२० ते १२४० अंशांवर, भाजा. चकाकी हवीच असेल तर पारदर्शक ग्लेझचा एकच पातळ हात द्या आणि तळाला मुळीच लावू नका, टाइल भट्टीच्या फळीला चिकटते.