वर्ध्याकडे कारने मागून ठोकलं, नागपुरात राहणाऱ्या भावाचा पाय मोडला, हेल्मेट नव्हतं. भरपाई मिळेल का?

मिळू शकते. हेल्मेट नव्हतं म्हणून दावा बुडत नाही. मार पायाला आहे, त्यामुळे त्या मुद्द्यावर रक्कम कापायला आधारच नाही. डोक्याला असता तर वाद झाला असता.

खरा घोळ कॅज्युअल्टीत होतो. घाबरलेले नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतात, एमएलसीत (पोलिस प्रकरणासाठी दवाखान्यात होणाऱ्या नोंदीत) तेच उतरतं आणि विमा कंपनी पुढे तेच धरून बसते. ‘कारने मागून धडक दिली’ असं नोंदवून घ्या, नंबरसकट. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, एक्स-रे, मूळ बिलं जपा. ‘आपसात मिटलं’ अशा कागदावर कृपा करून सही करू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा 6 महिन्यांच्या आत लावा. अपघात वर्ध्याकडे झाला असला तरी भाऊ नागपुरात राहतो, म्हणून नागपूरच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात चालतो.