रिकामा कॅच कंपायलरलाच पकडू दे
अरे जावा शिकतोयस तर एरर प्रोन हे कोडमधल्या चुका शोधणारं टूल आत्ताच लाव, गूगलचं आहे, जावाक म्हणजे जावाच्या कंपायलरमध्येच प्लगइन म्हणून चालतं त्यामुळे बिल्ड केलं की चूक लगेच समोर येते. नुसता जावाक चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे ज्याची दखल घेणं सक्तीचं असतं ते, पकडलंस किंवा थ्रोजने जाहीर केलंस का एवढंच बघतो, पकडून गिळलंस तर गप्प! माझा एक कॅच असाच रिकामा राहिला, फाइल सेव्हच होईना आणि लॉगमध्ये काही म्हणजे काही नाही, दोन रात्री गेल्या शोधण्यात. घाईत थ्रो लिहायचं राहून नुसतं न्यू इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन उरलं तर एरर प्रोन थेट एरर देतं. एम्प्टीकॅचची, म्हणजे रिकाम्या कॅचची, मात्र वॉर्निंगच येते, ती फ्लॅग देऊन एररवर चढवच. आणि फायनलीत, म्हणजे ट्राय-कॅचनंतर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये, रिटर्न लिहू नकोस, वरचं एक्सेप्शन त्यात गायब होतं, त्याचीही वॉर्निंग येते.