पाणी ओतू नका, ड्रम घासा

(‘सिस्टरना विचारा’ या सदरात उत्तरं देणाऱ्या सिस्टर लातूर जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्यसेवेत होत्या.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. घरात पाच माणसं. दोनशे लिटरचे तीन ड्रम आणि अंगणातला सिमेंटचा हौद भरून ठेवते. मागच्या महिन्यात धाकट्याला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात होता. नंतर आशाताई आल्या, तर ड्रममध्ये अळ्या निघाल्या. म्हणाल्या, आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून कोरडा दिवस पाळा. पाणी ओतलं तर लेकरांना आंघोळीला काय देऊ? शेजारणींसमोर मान खाली गेली. माझं घर घाण नाही हो. — एक गृहिणी, लातूर

उत्तर : ताई, आधी ती मान वर करा. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. त्याची मादी गटाराकडे फिरकत नाही, तिला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. जिथं पाणी जपून ठेवावं लागतं, तिथं ती येणारच. यात तुमच्या घराच्या स्वच्छतेचा काही दोष नाही.

मीही कितीतरी वर्षं दारोदारी ‘पाणी ओतून द्या’ असंच सांगत हिंडले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात एका गल्लीत सर्वेक्षणाला गेले होते. ड्रममध्ये टॉर्च मारला, तशा वरच्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं. समोरची बाई ड्रमच्या काठावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते बोलवेना. मग तिथंच पायरीवर बसून आम्ही दोघींनी काय करता येईल ते ठरवलं. तेच तुम्हाला सांगते.

आधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ड्रम अर्धा झाला की पाण्याच्या रेघेच्या जरा वर, आतल्या बाजूनं, ओला पांढरा फडका दाबून फिरवा. काजळीच्या कणांसारखे बारीक काळे ठिपके आले, तर ती अंडी असू शकतात. मादी अंडी पाण्यालगतच्या ओलसर कडेला चिकटवते. पाणी उतरून ती कड सुकली तरी अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. नळ आला, पाणी त्यांच्यापर्यंत चढलं, की फुटतात. तिथून आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे सगळं पाणी ओतलं आणि ड्रम न घासता पुन्हा भरला, तर अंडी जागच्या जागी राहिली आणि तुमचं पाणी मात्र गेलं.

आता तीन ड्रमांवर खडूनं १, २, ३ घाला. पहिला पूर्ण संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. संपला की काथ्या आणि साबणाची पूड घेऊन आतून घासा, विशेषतः कड आणि तळाचा सांधा. धुतलेलं पाणी मोरीत न टाकता कोरड्या मातीवर टाका, तिथं अळ्या मरतात. मग ड्रम उन्हात पालथा. असंच दुसऱ्याचं. तिसरा नळाच्या दिवसापर्यंत चालेल. त्यातली शेवटची बादली सकाळी फरशीला वापरा आणि पाणी यायच्या आत तो घासून घ्या. चुकून पाणी शिल्लक राहिलंच, तर कापडातून गाळून दुसऱ्या ड्रममध्ये घाला, पण घासल्याशिवाय वरून भर घालू नका. नळ कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून आपण सगळ्याच घाईनं तसं करतो आणि तळातल्या अळ्यांना नवं पाणी मिळतं.

झाकणाचंही तेच. ड्रमवर ठेवलेली पत्र्याची तबकडी डासाला अडवत नाही, एका बाजूला बोटभर फट राहतेच. जुन्या सुती साडीची दुहेरी घडी ताणून बसवा आणि सायकलच्या ट्यूबची चकती कापून वरून आवळा. दोरीची गाठ सारखी सोडायचा कंटाळा येतो, ट्यूब एका हातानं निघते. कापड खाली लोंबून पाण्याला टेकू देऊ नका.

हौद आठवड्याला रिकामा करणं तुमच्याच्यानं होणार नाही आणि करूही नका. त्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप कार्यालयात विचारा, पुष्कळदा तिथं पैदास केलेली असते. पाण्यातल्या अळ्या मारणारं अ‍ॅबेट हे औषध आरोग्य कर्मचारी मापानं टाकतात, आपल्या अंदाजानं घालू नका.

आणि एकदा पत्र्यावर चढून बघा. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचलेलं मी शेकडो घरांत पाहिलंय. टायरला खाली भोकं पाडा किंवा त्याऐवजी दगड ठेवा. फ्रिजमागचा ट्रे आणि पाखरांसाठी ठेवलेलं पाणीही बघा. कूलर उचलून ठेवताना जुनं गवत पुढच्या वर्षासाठी राखू नका, त्यातही अंडी असतात.

प्रश्न : आमच्या भागात धूरफवारणी झाली, तरी डास आहेतच. औषध भेसळीचं असेल का? — एक वाचक, निलंगा

उत्तर : धुरानं त्या वेळी उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही, चार दिवसांनी त्यांचेच नवे डास होतात. शिवाय एडिस घरात असतो, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे. धुराची गाडी आली की आपण दारं लावून घेतो. अन्नपाणी झाका आणि दारं-खिडक्या उघडा.

प्रश्न : डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देतात. मुलीला ताप आलाय, देऊ का? — एक आई, उदगीर

उत्तर : त्या रसाच्या भरवशावर राहू नका. आजच डॉक्टरांना दाखवा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही त्यांनी सांगितलेल्या मापात. घरात पडलेली ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएस, पेज, ताक, लिंबूपाणी थोडं थोडं सारखं पाजत राहा. लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा.

एक गोष्ट मी प्रत्येक आईला हात धरून सांगत आले : ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच धोका असतो. पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, हातपाय गार पडले, पोर मलूल होऊन पडून राहिली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि ताप आहे तोवर तिला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. एडिस दिवसा चावतो. तिला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी शेजारच्या लेकराला चावला, तर त्यालाही ताप येईल.