हायड्रोजनवरील संशोधनाचा कल कसा काढावा?

प्रश्न: एखाद्या देशातील हायड्रोजन इंधनावरील संशोधनाचा कल मांडायचा आहे. स्कोपसमध्ये (शोधनिबंधांच्या नोंदींचा माहितीसाठा) शोधल्यावर भलतेच निबंध का येतात?

उत्तर: नुसता ‘हायड्रोजन’ टाकलात की हायड्रोजन बंध, हायड्रोजन पेरॉक्साइडही येणारच. ‘हायड्रोजन प्रॉडक्शन’, ‘हायड्रोजन स्टोरेज’, ‘फ्युएल सेल’ असे जोडशब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत घाला. देश लेखकांच्या संस्थेच्या पत्त्यावरून निवडा. मग शंभरेक सारांश स्वतः वाचा. हे टाळलंत तर पुढे त्या निबंधांतून काढलेला शब्दांचा नकाशा कितीही देखणा असो, फसवाच.

असा नकाशा काढणाऱ्या व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्युएल सेल’ आणि ‘फ्युएल सेल्स’ हे दोन वेगळे ठिपके दिसतात. ते एकत्र करण्यासाठी दोन रकान्यांची थिसॉरस फाइल (कोणत्या शब्दाऐवजी कोणता धरायचा याची यादी) करा: डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे बदली शब्द, मध्ये टॅब. चालू वर्ष वगळा. नोंदी अपुऱ्या असल्याने आलेख उगाच घसरतो. आणि निबंधांची संख्या नव्हे, देशाच्या एकूण निबंधांतला वाटा पाहा.