काटेसावर जास्वंदीच्या कुळात कशी काय?

प्रश्न : आमच्या वेळी काटेसावर बॉम्बेकेसी, कोको स्टरक्युलिएसी, ताग टिलिएसी आणि जास्वंद, कापूस, भेंडी माल्व्हेसी अशी वनस्पतींची चार कुळं घोकून घेतली होती. आता मुलीच्या पुस्तकात सगळेच माल्व्हेसीत! आम्ही चुकीचं शिकलो का? आणि भेंडीची प्रजाती नक्की हिबिस्कस (म्हणजे जास्वंदीची) की अबेलमॉस्कस?

उत्तर : चुकीचं नाही हो, तेव्हा डोळ्यांना दिसायचं त्यावरून खाने पाडलेले. परागकोशाला एकच कप्पा असला तर माल्व्हेसी, दोन असले तर दुसरीकडे, भलंमोठं झाड असलं की बॉम्बेकेसी, असा कारभार. पण तो एक कप्पा सावरीतही सापडतो, त्यामुळे सीमेवर कायम भांडणं. मग 1990च्या दशकात हरितलवकातल्या जीन्सची तुलना झाली आणि कळलं की जुन्या खान्यांत सख्खी भावंडं वेगळी पडलीयेत आणि लांबचे पाहुणे एकत्र बसलेत. कोको आणि मुरुडशेंग दोघं स्टरक्युलिएसीत होते ना, तर कोको निघाला तागाच्या आणि फालशाच्या जवळचा, मुरुडशेंगेच्या शेजारी येऊन बसला ड्युरियन, म्हणजे ते काटेरी फळवालं झाड, जो आधी सावरीबरोबर होता! एका पूर्वजाची सगळी वंशावळ एका कुळात यायला हवी म्हटल्यावर 1998 साली एपीजीने, म्हणजे फुलझाडांचं वर्गीकरण ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने, चारही कुळं एक केली, आत आता नऊ उपकुळं आहेत. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं, कारण निदलांच्या (पाकळ्यांबाहेरच्या, बहुधा हिरव्या दलांच्या) आतल्या बाजूला मध पाझरणारे बारीक केस या मंडळींत सर्रास दिसतात, लेन्स घेऊन बघा.

आता भेंडी. लिनियसने 1753 साली तिला हिबिस्कस म्हटलं, पण 1794पासून ती अबेलमॉस्कस. कारण मजेशीर आहे. भेंडीचं फूल गळताना नीट बघा, निदलांची पिशवी एका बाजूने फाटते आणि पाकळ्या, पुंकेसरांची नळी यांच्यासकट एकदमच निघून येते, फळ उघडंच राहतं. लाल अंबाडीत तीच निदलं फळाला धरून राहतात आणि जाड, रसाळ होतात, ती मात्र पक्की हिबिस्कस.

गंमत अशी की जीन्सवरून वंशवृक्ष मांडला तर अबेलमॉस्कस हिबिस्कसच्या फांद्यांमध्येच उगवतं, पॅव्होनिया आणि माल्व्हाविस्कस या नात्यातल्या प्रजातीही तिथेच. मग एक तर सगळ्यांना हिबिस्कस म्हणा, नाहीतर हिबिस्कसचे तुकडे करा, आणि दोन्हीत ढीगभर नावं बदलणार. तोवर मुलीला परीक्षेत अबेलमॉस्कसच लिहू दे.