घरी गिटार बनवायचीये, लाकडात खाचा-खड्डे मारायचा राउटर कुठला घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनीत टेबल टाकून थोडंफार सुतारकाम करतो. आता टेलिकास्टर टाइप इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवायची ठरवलीये, वखारीतून साग आणि तूण दोन्ही आणून ठेवलंय. दुकानदार म्हणतो अर्धा इंची मोठा प्लंज राउटर (दाबून बिट लाकडात उतरवायचा) घ्या, एकदाच काय तो खर्च. आमचे ओळखीचे सुतार म्हणतात ट्रिमर बास झाला, सनमायकाच्या कडा मारायचं मशीन असलं तरी सगळं होतं त्यात. कोणाचं ऐकू?

उत्तर : सुतारांचं ऐका. दुकानदार तसं खोटं बोलत नाहीये, पण तो दरवाजे-चौकटीवाल्यांना मशीन विकतो आणि तुम्हाला बनवायचीये गिटार. टेलीत राउटरचं काम किती ते बघा ना. बॉडी पावणेदोन इंच जाड, म्हणजे साधारण 45 मिमी. नेक पॉकेट (गिटारची मान बसते तो खड्डा) 16 मिमी खोल, पिकअपचे (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचे) खड्डे 19-20 च्या आसपास, ट्रस रॉडची (मान वाकू नये म्हणून आत बसवायच्या सळीची) खाच 6 मिमी रुंद आणि रॉडप्रमाणे 9-10 मिमी खोल, आणि सगळ्यात खोल तो कंट्रोलचा (आवाजाच्या बटणांचा) खड्डा, 38 पर्यंत जातो. लिओ फेंडरनं 1950 च्या सुमारास ही गिटार आणली तीच मुळी सपाट फळी, टेम्प्लेट (साचा) ठेवून मारलेले खड्डे आणि स्क्रूनं बसवलेली नेक अशी, त्यामुळे पहिल्या गिटारसाठी तुमची निवड एकदम बरोबर आहे.

मोठा राउटर पाच-सहा किलोचा असतो. 56 मिमी रुंदीच्या पॉकेटवर, बॉडीच्या अगदी कडेला, एवढं वजन तोलून धरायचं आणि जरा कललं की पॉकेटची भिंत गेली, मग नेक हलणार. ट्रिमर दोन किलोच्या आतबाहेर, एका हातात बसतो. पण ट्रिमर घेताना दोन गोष्टी बघाच. एक म्हणजे स्पीड कमीजास्त करता यायला हवा. मकिटाचा 3709 (530 वॅट) सरळ 30,000 आरपीएमवर फिरतो, बॉशचा जीकेएफ 550 तर 33,000 वर, सनमायकाला ते झकास पण शिसमासारख्या कडक लाकडात हात जरा थांबला की काळा डाग पडलाच. मकिटाचाच आरटी0700सी 710 वॅटचा आहे, 10,000 ते 30,000 मध्ये सेट होतो, बजेट असेल तर मी डोळे झाकून हा सांगेन. दुसरी गोष्ट कॉलेट, म्हणजे बिट (फिरणारं पातं) पकडणारी चिमटी. आपल्याकडे गिटारच्या कामाचे बहुतेक बिट पाव इंच शँकचे (दांड्याचे) मिळतात, सुतार ज्याला दोन सूत म्हणतात, म्हणजे 6.35 मिमी, आणि काही मशीनबरोबर कॉलेट येतो 6 मिमीचा. त्यात हा बिट जातच नाही, आणि उलट 6 चा बिट पाव इंची कॉलेटमध्ये आवळला तर चालू मशीनमध्ये सरकत खाली येतो, खड्डा आपोआप खोल होत जातो आणि आपल्याला पत्ता नाही. दोन-अडीच हजारवाला ट्रिमर घेणार असाल तर दुकानातच बिट लावून हातानं फिरवून बघा, टोक डगमगतंय का ते डोळ्यांना दिसतं.

प्लंज बेस मिळाला तर छान, नाही मिळाला तर अडत नाही, कारण खड्ड्यातलं लाकूड राउटरनं काढायचंच नसतं. आधी ड्रिलला फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा) लावून बहुतेक माल काढून घ्या, राउटर फक्त भिंती आणि तळ साफ करायला. खरी गोम पुढे आहे. टेम्प्लेट 12 मिमी एमडीएफची आणि वर बेअरिंगवाला (टेम्प्लेटच्या कडेनं फिरणारं चाक असलेला) बिट 25 मिमी पात्याचा असला, तर बेअरिंग टेम्प्लेटला टेकवायला बिट एवढा खाली घ्यावा लागतो की पहिल्याच फेरीत किमान 13 मिमी लाकूड एकदम खाणार, छोटं मशीन रडतं आणि लाकूड फाटतं. म्हणून 10-12 मिमी पात्याचा आखूड बिट वेगळा घ्या, टेम्प्लेटखाली 3-4 मिमीच उतरत पहिल्या दोन-तीन फेऱ्या त्यानं मारा, भिंत तयार झाली की टेम्प्लेट काढून टाका, आता ती भिंतच बेअरिंगला टेकू देते. मोठ्या राउटरचे वाचलेले पैसे इथे घाला, कार्बाइडचे चांगले बिट घ्या, सागात सिलिका असते त्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं. कोपरे गोल राहतील, ते धारदार पटाशीनं काढा.

बॉडीचा बाहेरचा आकार जिगसॉनं 2-3 मिमी सोडून कापा आणि मग राउटर, बाहेरून जाताना घड्याळाच्या उलट दिशेनं आणि खड्ड्याच्या आत घड्याळाच्या दिशेनं. इथे ट्रिमर हळू चालतो हे खरं, दोन बाजूंनी मिळून काम करावं लागतं, पण होतं. लाकूड म्हणाल तर पहिल्या बॉडीला तूण वापरा, महोगनीच्याच कुळातलं आहे, वजनाला हलकं, आणि मिरजेचे सतारवाले उगाच नाही वापरत. सागाची फळी टेबलाला ठेवा. मास्क एन95 चा, कानाला मफ, आणि बाल्कनी आहे म्हणून दुपारी एक ते चार मशीन बंद, पुण्यात नसलात तरी.

प्रश्न : अकूस्टिक गिटारच्या बाइंडिंगला (बॉडीच्या कडेनं बसवायच्या पट्टीला) हाच ट्रिमर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि इथे तर मोठा राउटर चालणारच नाही. रॅबेट बिट (कडेला पायरीसारखी खाच मारणारा) आणि वेगवेगळ्या मापांच्या बेअरिंगचा सेट घ्या, बाइंडिंग 1.5 मिमीची असेल तर खाच तेवढीच. अडचण अशी की पाठ सपाट नसते, घुमटासारखी थोडी फुगलेली असते, त्यामुळे बेस तिरका बसतो आणि खाच पण तिरकी होते. बेसखाली बिटभोवती छोटी गोल चकती चिकटवा म्हणजे मशीन कडेवरच टेकेल, आणि मशीनची उभी बाजू गिटारच्या साइडला समांतर राहील असा जिग (मशीन धरायची चौकट) करा. स्प्रूसच्या टॉपला कंबरेच्या आसपास लाकडाचे रेषे उलटे येतात, तिथे उलट्या दिशेनं, अगदी अर्धा-अर्धा मिमी घेत जायचं, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर.